सोळा इंचांचा कायदा

अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांत ता. १ जानेवारी २०२६ पासून एक चमत्कारिक स्थिति उत्पन्न झाली आहे. आखूड नळीची रायफल तयार करणाऱ्या अगर विकत घेणाऱ्या मनुष्यास १९३४ सालापासून मध्यवर्ती सरकारास २०० डॉलर कर द्यावा लागत असे. तो कर आतां शून्य झाला. परंतु ज्या कराच्या वसुलीसाठीं म्हणून नोंदणी, बोटांचे ठसे, छायाचित्र व पूर्वपरवानगी हा सारा खटाटोप उभारला होता, तो खटाटोप मात्र जशाचा तसा कायम आहे. आणि तो टाळणारास १० वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे, तीही कायम आहे. जकात उठली पण नाका राहिला, असा हा प्रकार होय. आमच्या व्यापारी वाचकांस नाक्यांचा अनुभव पुष्कळ असल्यामुळें यांतील गोम त्यांच्या चटकन् ध्यानांत येईल. विषय परक्या देशाचा खरा. पण वाईट रीतीनें केलेला कायदा नव्वद वर्षें कसा तग धरतो व त्याच्या पायीं सामान्य मनुष्याची कशी त्रेधा उडते, याचा इतका बोलका दाखला सहसा मिळावयाचा नाहीं. शिवाय आमचे हजारों मराठी बांधव आज त्या देशांत राहतात, तेव्हां प्रश्न अगदींच परका आहे असेंही नाहीं.

प्रथम कायदा काय म्हणतो तें पाहूं. जें शस्त्र खांद्याला टेकवून झाडण्यासाठीं बनविलेलें असतें व ज्याच्या नळीस आंतून आटे असतात, ती रायफल. तिची नळी १६ इंचांहून आखूड असली, किंवा सगळ्या शस्त्राची लांबी २६ इंचांहून कमी भरली, कीं ती ‘आखूड नळीची रायफल’ झाली. छऱ्यांच्या बंदुकीस नळीची मर्यादा १८ इंचांची आहे. उलट, एका हातांत धरून झाडावयाचें तें पिस्तूल. त्यास नळीच्या लांबीचें बंधन नाहीं, व मध्यवर्ती सरकारच्या या नोंदवहींत त्याचें नांवही घालावें लागत नाहीं. नळी कशी मोजावी याचेही नियम आहेत. बंदुकीचा मागचा खटका मिटला असतां त्याच्या पुढच्या पृष्ठापासून नळीच्या टोंकापर्यंत मोजावयाचें. टोंकाला नुसता फिरवून बसविलेला तुकडा मापांत धरावयाचा नाहीं, पण तोच डाग देऊन कायमचा केला तर धरावयाचा. आमच्याकडील सुतार ज्यास सूत म्हणतात त्या हिशेबानें बोलावयाचें तर, १५ इंच ७ सुतांची नळी हा गुन्हा आणि पुऱ्या १६ इंचांची नळी हा निर्दोष छंद! त्यांतही ही १६ इंचांची मर्यादा कांहीं अनादि नाहीं. १९३४ च्या मूळ कायद्यांत ती रायफलीसही १८ इंचांचीच होती. १९६० सालीं दोन इंच कमी केली. म्हणजे १७ इंच नळीची रायफल बाळगणारा जो मनुष्य आदल्या दिवशीं गुन्हेगार होता, तो दुसऱ्या दिवशीं कांहींएक न करतां सभ्य नागरिक झाला.

आतां यांतील मुख्य विसंगति पाहा. दहा इंच नळीचें व दस्ता नसलेलें एक शस्त्र आहे. तें पिस्तूल आहे, व तें बाळगण्यास मध्यवर्ती सरकारची या कायद्याखालीं हरकत नाहीं. त्याच शस्त्रास मालकानें खांद्याला टेकविण्याचा दस्ता जोडला. दस्त्यानें शस्त्राची लांबी वाढली, तें कोटाखालीं लपविणें अधिक कठीण झालें. आणि नेमक्या त्याच क्षणीं तें मशीनगनच्या पंक्तीस जाऊन बसलें! ज्या कायद्याचा हेतु लपवितां येणारीं शस्त्रें आवरण्याचा होता, तो कायदा शस्त्र लपविण्याजोगें असतां स्वस्थ बसतो, व लपविण्यास अवघड झाल्यावर जागा होतो.

असें कां झालें याचें उत्तर इतिहासांत आहे. १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळांत अमेरिकेंतील मोठ्या शहरांत चोरट्या दारूच्या टोळ्या माजल्या होत्या. १९२९ च्या फेब्रुवारींत शिकागो येथें एका टोळीनें सात जणांस भिंतीशीं उभे करून ठार मारलें. १९३३ च्या फेब्रुवारींत मायामी येथें नवनिर्वाचित अध्यक्ष रूझवेल्ट यांजवर गोळ्या झाडण्यांत आल्या. ते वांचले, पण शिकागोचे मेयर सर्माक त्यांत जखमी होऊन पुढें मरण पावले. लोकमत प्रक्षुब्ध झालें. अॅटर्नी जनरल होमर कमिंग्ज यांच्या पुढाकारानें जो मसुदा कायदेमंडळापुढें आला, त्यांत मशीनगनबरोबर पिस्तुलें व रिव्हॉल्व्हरही होतीं. पिस्तुलाची नोंद सक्तीची झाली तर धूर्त मनुष्य रायफल कापून तिचेंच पिस्तूल करील, हें ओळखून कापलेल्या रायफली व छऱ्यांच्या बंदुकीही त्यांत घातल्या. ही तरतूद म्हणजे पिस्तुलांवरील निर्बंधाभोंवतीं घातलेलें कुंपण होतें. पुढें नॅशनल रायफल असोसिएशन प्रभृतींच्या विरोधामुळें पिस्तुलें मसुद्यांतून वगळण्यांत आलीं. घर गेलें, कुंपण मात्र कोणी काढलें नाहीं. ता. २६ जून १९३४ रोजीं रूझवेल्ट यांची सही झाली, आणि तेव्हांपासून आजपर्यंत अमेरिकन नागरिक त्या रिकाम्या जागेभोंवतींच्या कुंपणास अडखळून पडत आहे.

या कायद्यास कराचें रूप कां दिलें, हेंही समजून घेण्यासारखें आहे. सरळ बंदी घालण्याचा अधिकार मध्यवर्ती सरकारास आहे कीं नाहीं याविषयीं त्या वेळीं शंका होती. कर बसविण्याच्या अधिकाराविषयीं ती नव्हती. म्हणून बंदीस कराचा अंगरखा चढविला. २०० डॉलर ही रक्कम त्या काळीं लहान नव्हती; आजच्या भावानें ती ४००० डॉलरांच्या वर जाते. कर वसुलीसाठीं नव्हता, तर मनुष्यानें त्या वाटेस जाऊंच नये यासाठीं होता, हें उघड आहे. १९३७ सालीं सॉन्झिन्स्की याच्या खटल्यांत सुप्रीम कोर्टानें हा कर म्हणून वैध ठरविला. १९३९ सालीं मिलर याचा प्रसिद्ध खटला झाला. १८ इंचांहून आखूड नळीच्या छऱ्यांच्या बंदुकीचा सुव्यवस्थित लोकसेनेशीं कांहीं संबंध असल्याचें आपल्यापुढें आलेलें नाहीं, असें म्हणून कोर्टानें कायदा उचलून धरला. त्या सुनावणीस मिलरतर्फे कोणी वकील उभा राहिला नव्हता, व निकाल लागला तेव्हां मिलर हयातही नव्हता. एकाच बाजूचें ऐकून दिलेल्या या निकालावर पुढील सुमारें सत्तर वर्षें सारा डोलारा उभा होता! १९६८ सालीं हेन्झ याच्या खटल्यांत आणखी एक मौज उघडकीस आली. बेकायदा शस्त्राची नोंद करावयास जाणें म्हणजे आपणच आपला गुन्हा कबूल करणें होय, व असें कबूल करण्याची सक्ति घटनेविरुद्ध आहे, असें कोर्टानें म्हटलें. त्याच सालीं कायदेमंडळास घाईघाईनें कायदा दुरुस्त करावा लागला.

सामान्य मनुष्य ज्यांत हमखास फसतो तो भाग याहूनही सूक्ष्म आहे. हल्लींच्या बंदुका सुट्या भागांच्या बनतात. कायद्याच्या दृष्टीनें त्यांतला एकच भाग, ज्यावर अनुक्रमांक कोरलेला असतो ती मधली चौकट, म्हणजे ‘बंदूक’. नळी, दस्ता वगैरे बाकीचे भाग बाजारांत मोकळे मिळतात. ही चौकट प्रथम पिस्तूल म्हणून जुळविली असेल, तर पुढें तिला लांब नळी व दस्ता लावून रायफल करतां येते, व पुन्हा तें सर्व काढून पिस्तूलही करतां येतें. सरकारी खात्यानें २०११ सालीं तसा निर्वाळा दिला आहे. परंतु तीच चौकट प्रथम रायफल म्हणून जुळविली असेल, तर तिचें पिस्तूल कधींही करतां येत नाहीं. केलें तर तें ‘रायफलीपासून बनविलेलें शस्त्र’ ठरून तुरुंगाची वाट दाखवितें. टेबलावर दोन शस्त्रें ठेविलीं आहेत. दोहोंची नळी सारखी, वजन सारखें, गोळी सारखी. तरी एक शुद्ध व दुसरें भ्रष्ट, कारण एकाचा जन्म पिस्तुलाच्या कुळांत झाला व दुसऱ्याचा रायफलीच्या! जन्मावरून जात ठरविण्याची विद्या ही केवळ आमचीच मिरास आहे असें आम्ही समजत होतों. तो अभिमान आतां सोडावयास हरकत नाहीं.

कोर्टाससुद्धां या शास्त्राचा उलगडा करणें जड गेलें. थॉम्प्सन सेंटर नांवाची एक कंपनी पिस्तूल विकी व त्याबरोबर एका पेटींत दस्ता आणि २१ इंचांची नळी देई. ग्राहकानें दोन्ही एकदम लावलीं तर कायदेशीर रायफल. दस्ता लावून मूळ दहा इंचांचीच नळी ठेवली तर गुन्हा. पेटी नुसती विकल्यानेंच आखूड रायफल ‘तयार’ झाली, असें सरकारचें म्हणणें. १९९२ सालीं सुप्रीम कोर्टानें तें फेटाळलें. कायद्याचा अर्थ संदिग्ध असेल व त्याच्या पोटांत फौजदारी शिक्षा असेल तर संशयाचा फायदा नागरिकास, हें जुनें तत्त्व लावलें. निकाल योग्य झाला. पण ज्या कायद्याचा अर्थ लावतांना सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश आपसांत एकमत होऊं शकले नाहींत, तो दुकानांतल्या गिऱ्हाइकानें अचूक जाणावा अशी अपेक्षा करणें कितपत न्याय्य आहे?

या सर्वांवर कळस चढविला तो ‘ब्रेस’च्या प्रकरणानें. एका अपंग माजी सैनिकास जड पिस्तूल एका हातानें झाडतां यावें म्हणून हातास बांधण्याचा एक आधार तयार करण्यांत आला. तो आधार म्हणजे दस्ता नव्हे, असें सरकारी खात्यानें २०१२ सालीं पत्रानें कळविलें. लोकांनीं तो लाखोंनीं विकत घेतला. आणि तो खांद्याला टेकवितां येतो हें त्यांच्या ध्यानांत येण्यास वेळ लागला नाहीं. २०१५ च्या जानेवारींत खात्यानें जाहीर केलें कीं, खांद्याला टेकविलें कीं ती रायफल. म्हणजे वस्तु तीच, पण मालकानें हात वर नेला कीं गुन्हा! २०१७ सालीं खात्यानें हें मत बहुतांशीं सोडून दिलें. २०२३ च्या जानेवारींत पुन्हा उलटी कोलांटी: असे आधार लावलेलीं बहुतेक पिस्तुलें या आखूड रायफलीच होत, १२० दिवसांत नोंदवा, मोडा किंवा सरकारजमा करा. खात्याच्याच अंदाजानें अशीं शस्त्रें ३० लाखांच्या घरांत होतीं. मुदतींत नोंदणीसाठीं आलेले अर्ज अडीच लाखांच्या आसपास. उरलेले मालक एका रात्रींत दहा वर्षांच्या शिक्षेस पात्र झाले. २०२४ च्या जूनमध्यें टेक्सासमधील मध्यवर्ती न्यायालयानें तो नियमच रद्द केला, व ते सर्व पुन्हा निर्दोष झाले. बारा वर्षांत चार वेळां अर्थ फिरला, आणि कायद्याचा एक शब्दही बदलला नाहीं. कायदा कायदेमंडळानें करावा, तो पत्रांनीं व परिपत्रकांनीं करूं नये, हें आम्ही आमच्याकडील सरकारी खात्यांस अनेकदां सांगितलें आहे. तें समुद्रापलीकडेही सांगण्याची गरज आहे असें दिसतें.

दुसरी बाजू आम्ही झांकून ठेवीत नाहीं. ओहायोंतील डेटन येथें २०१९ च्या ऑगस्टमध्यें ९ व कोलोरॅडोंतील बोल्डर येथें २०२१ च्या मार्चमध्यें १० निरपराध माणसें मारलीं गेलीं. दोन्ही ठिकाणीं मारेकऱ्याच्या हातीं असा आधार लावलेलें व रायफलीची गोळी झाडणारें पिस्तूल होतें. रायफलीची शक्ति व पिस्तुलाचा आटोपशीरपणा एकत्र झाला कीं धोका वाढतो, हें सरकारचें म्हणणें पोकळ नाहीं. आमची तक्रार अशी कीं, हा धोका खरा मानावयाचा तर दस्ता नसलेल्या त्याच शस्त्रास मोकळें कां सोडलें? आणि खरा मानावयाचा नसेल तर दस्त्यावर दहा वर्षांची शिक्षा कशासाठीं? गोळीची शक्ति किती आणि शस्त्र लपवितां किती येतें, या दोन गोष्टी पाहून कायदेमंडळानें वर्ग पाडावेत, व ते सुबोध शब्दांत लिहावेत. सध्यांचा कायदा चोर सोडून संन्याशाला फांसावर चढविणारा आहे. कारण फॉर्म भरून, ठसे देऊन, मंजुरीची वाट पाहणारा मनुष्य दरोडेखोर नसतो, आणि दरोडेखोर करवतीनें नळी कापतांना फूटपट्टी घेऊन बसत नाहीं.

हा केवळ शब्दच्छल नाहीं, त्याची किंमत रक्तानें मोजली गेली आहे. आयडाहो संस्थानांतील रँडी वीव्हर यानें १९८९ सालीं सरकारी खबऱ्यास दोन कापलेल्या छऱ्यांच्या बंदुका विकल्याचा आरोप आला. त्याचीं मतें वर्णद्वेषाचीं होतीं, व त्या मतांविषयीं आम्हांस तिळभरही सहानुभूति नाहीं. कोर्टाच्या तारखेविषयीं त्यास गेलेल्या पत्रांत चुकीचा महिना लिहिला होता. तो हजर झाला नाहीं, वॉरंट निघालें, आणि १९९२ च्या ऑगस्टमध्यें रूबी रिज येथील त्याच्या डोंगरावरील झोंपडीस अकरा दिवस सशस्त्र वेढा पडला. त्यांत विल्यम डेगन नांवाचा सरकारी अंमलदार, वीव्हरचा चौदा वर्षांचा मुलगा, आणि कडेवर तान्हें मूल घेऊन दारांत उभी असलेली त्याची बायको, असे तिघे प्राणांस मुकले. पुढें ज्यूरीनें बंदुकांच्या मूळ आरोपांतून त्यास निर्दोष सोडलें. गैरहजेरी व जामिनाच्या अटींचा भंग एवढेंच शाबीत झालें. १९९५ सालीं सरकारनें कुटुंबास ३१ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटविलें. ज्या वस्तूवरून हें सर्व सुरू झालें, तिचा गुन्हा नळीच्या कांहीं इंचांचा होता.

आमच्या देशांत हा प्रश्न या रूपानें उद्भवत नाहीं. १९५९ च्या शस्त्रास्त्र कायद्याच्या ६ व्या कलमानें परवान्यावांचून कोणत्याही बंदुकीची नळी आखूड करणें हाच गुन्हा आहे. तेथें इंचांची वाटाघाट नाहीं, कारण मुळांत बंदूक बाळगण्यासच परवाना लागतो. परवाना कोणास सुलभ व कोणास दुर्लभ, ही कथा निराळी आहे व ती फारशी गोड नाहीं. परंतु निदान आपण गुन्हा करीत आहों कीं नाहीं हें समजण्यास फूटपट्टी व वंशावळ दोन्ही जवळ बाळगावीं लागत नाहींत.

कर शून्य करण्याची जी नवी तरतूद झाली, तींतही हीच अर्धवट वृत्ति दिसते. २०२५ सालीं सेनेटमधील एका पक्षाचा बेत आखूड बंदुका व सायलेन्सर या कायद्यांतून पार काढून टाकण्याचा होता. पण अंदाजपत्रकाच्या मार्गानें नेलेल्या विधेयकांत पैशांशीं संबंध नसलेल्या गोष्टी घालतां येत नाहींत, असा सेनेटच्या नियमतज्ज्ञानें निर्णय दिला. तेव्हां उरला तो केवळ कर, व तोच ता. ४ जुलै २०२५ च्या कायद्यानें शून्यावर आणला. मशीनगनवरील २०० डॉलर मात्र राहिले. आतां १९३७ चा निकाल सांगतो कीं, हा कायदा कर आहे म्हणून वैध आहे. कर शून्य असेल तर नोंदणी कशाच्या आधारावर उभी? याच मुद्यावर टेक्सास व मिसूरी येथील न्यायालयांत २०२५ सालींच दावे दाखल झाले.

दरम्यान, ज्या घरांतील मुलें त्या देशांत शिक्षणास अगर नोकरीस आहेत त्यांनीं इतकें जाणून असावें. विद्यार्थी म्हणून किंवा मुदतीच्या नोकरीच्या व्हिसावर गेलेल्या परकीयास तेथें बंदूकच काय, एक काडतूसही बाळगण्याची मनाई आहे. शिकारीचा परवाना असणें यासारखे थोडे अपवाद सोडल्यास मित्राची बंदूक कपाटांत ठेवून घेणेंही धोक्याचें आहे. कायमच्या रहिवाशास व नागरिकास ही मनाई नाहीं; परंतु कर उठला म्हणजे परवानगी उठली असें समजून कोणीं सुट्या भागांची जुळवाजुळव आरंभूं नये. मंजुरी हातीं येण्यापूर्वीं आखूड नळीची रायफल जुळविणें हा आजही गुन्हाच आहे. मंजूर झालेलें शस्त्रही एका संस्थानांतून दुसऱ्यांत नेण्यापूर्वीं मध्यवर्ती खात्याची लेखी परवानगी लागते. आणि न्यू यॉर्क, न्यू जर्सी, कॅलिफोर्निया यांसारख्या संस्थानांत, जेथें आमच्या लोकांची वस्ती दाट आहे, तेथें सामान्य नागरिकास तें संस्थानाच्या कायद्यानेंच निषिद्ध आहे, मग वॉशिंग्टनची मंजुरी खिशांत असो वा नसो.